खरखरीतून आलेला आवाज

१६ जुलै १९४८ला आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. त्याचा आवाज मध्यम लहरींवरून शंभर किलोमीटर ओलांडून आपल्या धामणगाव रेल्वेला पोचायचा. व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घ्यायचा, मग घुमून बोलायचा. आभाळात वीज चमकली की खरखर! या पद्धतीत आवाज लहरीच्या कमीजास्त जोरावर बसवतात. विजेचा जोरही त्यातच मिसळतो. रात्री दूरची स्टेशनं घुसायची. दर वेळी दोष रेडिओचा नसायचा. एफएमवर खरखर फारशी नाही, पण पल्ला थोडा. २००६पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. तेव्हा आपण फक्त ऐकायचो. आता बोलूही शकतो. मग गप्प का बसायचं?