अंगीकृत रुग्णालये (नांदेड व लातूर जिल्हे)

शासकीय आरोग्य योजनेतील रोखरहित उपचारांसाठी करार करून सामील केलेली सरकारी व खासगी रुग्णालये. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी त्यांची निवड व देखरेख राज्य आरोग्य हमी सोसायटी करते.

इतिहास : 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यांत एकटा नांदेड होता. लातूर 21 नोव्हेंबर 2013 च्या दुसऱ्या टप्प्यात आला. 2017 मध्ये योजनेला सध्याचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेवरील शेतकरीही पात्र ठरले. हे दोन्ही जिल्हे त्यांत होते. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने योजना सर्व नागरिकांना खुली झाली आणि कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील 865 मराठी गावांनाही लाभ मिळाला. लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील गावे त्यांत येतात.

कार्यपद्धती : रुग्णालयातील आरोग्यमित्र शिधापत्रिका व ओळखपत्र तपासतो. डॉक्टरांचे निदान व अहवाल ऑनलाइन गेल्यावर पूर्वमंजुरी मिळते. तातडीच्या वेळी ती फोनवरून घेता येते. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. तपासण्या, औषधे, जेवण, परतीचे भाडे व घरी सोडल्यानंतरचे दहा दिवसांचे औषधोपचार त्यातच धरलेले असतात. म्हणून मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेणे हा करारभंग होय. अशा रुग्णालयाला निलंबित करण्याचा किंवा यादीतून वगळण्याचा अधिकार सोसायटीला आहे.

खासगी विमा : शासकीय योजनेहून वेगळ्या असलेल्या या विम्यावर भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे नियंत्रण असते. प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीने रोखरहित उपचारांच्या विनंतीवर एका तासात, तर घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो.

मर्यादा : अंगीकरणाच्या वेळी खाटा, तज्ज्ञ डॉक्टर व अतिदक्षता विभाग पाहिले जातात. या सोयी मुख्यतः नांदेड व लातूर शहरांत एकवटल्याने यादीही तिकडेच झुकते. नांदेड जिल्ह्यातीलच किनवटच्या रुग्णाला नांदेड शहर गाठण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. हृदयविकाराचा झटका आलेल्यासाठी संरक्षणाची रक्कम वाढल्याने हे अंतर कमी होत नाही. त्यामुळे कोणत्या तालुक्यात कोणता उपचार मिळतो, हाच अशा यादीचा खरा निकष ठरायला हवा.