भटकायला एक बेट

"व्हिडिओ गेम म्हणजे नुसती ठोकाठोकी" असं म्हणणाऱ्या समस्त काका-मामांसाठी ही एका बेटाची गोष्ट.

निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावाभोवती डोंगर-गुहा धुंडाळत हिंडायचे. त्या उनाडक्यांच्या आठवणींतून १९८६ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा' आला. १९९३ मध्ये 'लिंक्स अवेकनिंग'ने तेच हिंडणं हातातल्या गेम बॉयवर आणलं. सुरुवात झाली ती ऑफिस सुटल्यावर हौसेखातर चाललेल्या प्रयोगातून! पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणाल तर चार छटा. त्यात अख्खं कोहोलिंट बेट : १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकटी.

अगदी मोकाट सुटता येतं असं नाही. वाटेतले जड दगड उचलायचे तर आधी ताकदीचं कडं मिळवावं लागतं. पण मध्येच मासे धरा, शिंपले शोधा, कुणी घाई करत नाही.

मेख पुढेच आहे. बरीच वाट चालल्यावर कळतं, की हे बेट म्हणजे एका झोपलेल्या माशाचं स्वप्न. तो जागा झाला की बेट, तिथलं गाव, गाणारी मारिन, सगळं नाहीसं. आणि गेम जिंकायचा म्हणजे त्याला जागं करायचं! मग उगाच मारलेली फेरीसुद्धा उगाच राहत नाही. बेटाला तेवढीच मुदत मिळते.

२०१९ मध्ये स्विचवर नवा रंगीत अवतार आला, पण बेटाचं नशीब तेच. मला विचाराल, तर भटकण्याची खरी गोडी यातच आहे. हे सगळं जाणार, हे ठाऊक असलं की कोपरान्‌कोपरा नीट बघितला जातो.