रक्त जाते कुठे? चौदाशे वर्षांची समजूत मोडणारा एक गुणाकार

१/ सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्यापीठांत शरीररचना शिकवली जाई ती गॅलेनची. दुसऱ्या शतकातील हा ग्रीक वैद्य. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त बनते, शिरांवाटे अवयवांकडे जाते आणि तिथेच खर्ची पडते. पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे.

२/ गॅलेन सामान्य नव्हता. धमन्यांत केवळ वायू नसून रक्त असते, हे त्यानेच प्रयोगाने दाखवले. मात्र हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही त्याने मानले. ती छिद्रे कोणालाच दिसली नव्हती.

३/ तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने ही छिद्रे स्पष्टपणे नाकारली आणि रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूस येते, असे लिहिले. आधुनिक अभ्यासकांचे लक्ष या लेखनाकडे गेले ते १९२४ मध्ये, बर्लिनमधील एका हस्तलिखितामुळे.

४/ इटलीतील पादुआ येथे फॅब्रिसियस यांनी शिरांतील झडपा दाखवल्या. त्या रक्ताचा वेग आवरतात, असे त्यांना वाटले. त्यांचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वी याने त्याच झडपांचा वेगळा अर्थ लावला : हे दरवाजे हृदयाच्याच दिशेने उघडतात.

५/ मग हार्वीने हिशेब मांडला. प्रत्येक ठोक्याला हृदयातून केवळ अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरू. अर्ध्या तासात किमान हजार ठोके. म्हणजे ५०० औंस, सुमारे १५ किलो! इतके रक्त शरीरात नसतेच. मग यकृत ते दर अर्ध्या तासाला नव्याने कसे बनवणार? तेच रक्त पुन्हा पुन्हा परत येत असले पाहिजे.

६/ पुरावा साधा होता. दंडाला दोरी करकचून बांधली, की हात थंड पडतो. ती किंचित सैल केली, की खोलवरच्या धमनीतून रक्त आत येते. वरवरच्या शिरा मात्र दबलेल्याच राहतात आणि दोरीखाली फुगतात. १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ग्रंथ प्रसिद्ध झाला.

७/ एक दुवा उरला होता : धमनीतले रक्त शिरेत पोहोचते कसे? हार्वी १६५७ मध्ये निवर्तला. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

८/ तरीही शिरा कापून रक्त काढण्याचा उपचार थांबला नाही. खुद्द हार्वीनेही तो त्यागला नव्हता. त्याने आपला ग्रंथ राजा पहिल्या चार्ल्सला अर्पण केला होता. १६८५ मध्ये त्याच राजाचा पुत्र दुसरा चार्ल्स मरणशय्येवर असताना वैद्यांनी सर्वप्रथम त्याचे रक्तच काढले. सिद्धांत बदलून अर्धे शतक उलटले होते. रुग्णाच्या उशाशी मात्र अजून गॅलेनच उभा होता.