वानुआतूचा विमा : देणे की देणगी?

१/ दक्षिण प्रशांत महासागरातील वानुआतू हा देश १९८० मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांच्या संयुक्त अमलातून स्वतंत्र झाला. अवघ्या ११ वर्षांनी त्याने जगापुढे एक अवघड प्रश्न ठेवला: वाढता समुद्र जमीन गिळू लागला, तर भरपाई कोणी द्यायची? #थ्रेड

२/ प्रश्नाची पार्श्वभूमी आधीच तयार झाली होती. १९८७ मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा धोका मांडला. १९९० मध्ये छोट्या द्वीपराष्ट्रांची आघाडी उभी राहिली. वानुआतूचे राजदूत रॉबर्ट व्हॅन लिअरॉप तिचे पहिले अध्यक्ष झाले.

३/ १९९१ मध्ये आघाडीच्या वतीने वानुआतूने आंतरराष्ट्रीय विमा निधीचा मसुदा मांडला. हप्ता औद्योगिक राष्ट्रांनी भरायचा: निम्मा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या, निम्मा कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणात. या सूत्राला आधार होता १९६३ च्या ब्रुसेल्स कराराचा. अणुभट्टीच्या अपघाताची भरपाई युरोपीय देशांनी आपसांत अशाच रीतीने वाटून घेतली होती.

४/ मसुदा मान्य झाला नाही. हप्ता भरणे म्हणजे उत्तरदायित्व पत्करणे, हीच श्रीमंत राष्ट्रांची धास्ती होती. १९९२ च्या हवामान करारातील कलम ४ मध्ये 'विमा' हा शब्द तेवढा उरला, निधी नाही.

५/ मार्च २०१५ मध्ये 'पाम' चक्रीवादळाने वानुआतूचे केलेले नुकसान वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के होते. त्याच वर्षी पॅरिस करारात 'हानी व नुकसान' यांना स्वतंत्र कलम मिळाले. मात्र सोबतच्या ठरावात स्पष्ट नोंदले गेले की, या कलमाच्या आधारे भरपाई मागता येणार नाही.

६/ अखेर २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे निधी मान्य झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित झाला. आरंभीची आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरची होती. परंतु योगदान ऐच्छिक. उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटा, हे १९९१ चे सूत्र त्यात नाही.

७/ दरम्यान, २०१९ मध्ये कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी पोर्ट व्हिला येथे सुरू केलेली मोहीम वानुआतू सरकारने हाती घेतली. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले: हवामानविषयक कर्तव्याच्या भंगातून भरपाईचे दायित्व उद्भवू शकते. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही.

८/ ३१ वर्षांनी निधी मिळाला. पण मागितले होते देणे, हाती आली देणगी. देणगी थांबवता येते, देणे थांबवता येत नाही. वानुआतूचा लढा आजही याच फरकासाठी आहे.