२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले कुठे होता?

आपल्या बहुतेक शाळांमध्ये फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहिण्याची प्रथा आहे. वाक्याच्या खाली एक नाव असते. विवेकानंद, गांधीजी, आइन्स्टाइन, कधी नेपोलियन. ते वाक्य त्या व्यक्तीने कधी उच्चारले, कुठे लिहिले, हे मात्र कोणी विचारत नाही. सुविचारापुरते हे फारसे बिघडवणारे नसेलही. पण तीच सवय घेऊन आपण वादाच्या मैदानात उतरतो, तेव्हा प्रश्न गंभीर होतो. राजकीय वादात अवतरण हे शोभेचे वाक्य नसते. तो पुरावा म्हणून मांडलेला असतो, आणि पुरावा तपासायलाच हवा.

अशा एका अवतरणाची तपासणी आपण येथे करून पाहू. ते मुद्दाम शिक्षणाच्या इतिहासातले निवडले आहे, कारण शिक्षकांच्या सभा-संमेलनांत ते हमखास ऐकू येते.

प्रसिद्ध झालेले 'भाषण'

अवतरण थॉमस बॅबिंग्टन मेकॉले याच्या नावावर आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत त्याने भाषण केले, असे सांगितले जाते. त्याचा आशय असा : आपण भारतभर आडवेउभे फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही. या देशाची संपत्ती आणि लोकांची नीतिमत्ता एवढी उच्च आहे की त्याचा कणा, म्हणजे त्याचा आध्यात्मिक आणि सांस्कृतिक वारसा, मोडल्याखेरीज हा देश जिंकता येणार नाही. म्हणून त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलून टाकावी, म्हणजे परके तेच श्रेष्ठ असे त्यांना वाटू लागेल.

गेल्या काही दशकांत हे अवतरण भाषणांतून, पत्रकांतून, भिंतीवरच्या फलकांवरून सर्वत्र पसरले आहे. इंग्रजी माध्यमाचा विरोध करणारे ते वापरतात, आणि अभ्यासक्रम बदलू पाहणारेही वापरतात. आता आपण त्याला काही साधे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : माणूस तिथे होता का?

मेकॉले लीड्स मतदारसंघातून संसदेवर निवडून आला होता. १८३३च्या सनदी कायद्याने गव्हर्नर-जनरलच्या मंडळात कायदा-सदस्य हे नवे पद निर्माण केले. ते स्वीकारून त्याने संसदेचे सदस्यत्व सोडले आणि तो भारतात निघाला. १० जून १८३४ रोजी तो मद्रासला उतरला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक त्या वेळी निलगिरीत उटकमंडला होता, म्हणून मेकॉले पालखीने तिकडे गेला. सप्टेंबरअखेर तो कलकत्त्याला पोचला आणि १८३८च्या सुरुवातीपर्यंत भारतातच राहिला. म्हणजे २ फेब्रुवारी १८३५ रोजी तो कलकत्त्यात होता आणि संसदेचा सदस्यही नव्हता.

भारतात येऊन तेव्हा त्याला आठ महिनेही झाले नव्हते. रेल्वे अजून अठरा वर्षे दूर होती. मुंबई-ठाणे गाडी धावली ती १८५३ साली. मद्रास, निलगिरी, कलकत्ता आणि वाटेतला थोडा मुलूख एवढेच पाहिलेला माणूस 'भारतभर फिरलो' असे कसे म्हणेल?

दुसरा प्रश्न : त्या दिवशी सभा भरली होती का?

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि त्याचे उत्तर गमतीचे आहे. डिसेंबर १८३४च्या अखेरीस ब्रिटिश संसद विसर्जित झाली होती. जानेवारी-फेब्रुवारीत निवडणुका चालू होत्या. नवी संसद १९ फेब्रुवारी १८३५ रोजी भरली. म्हणजे २ फेब्रुवारीला लंडनमध्ये संसदच अस्तित्वात नव्हती. वक्ता हजर नाही आणि सभाही भरलेली नाही!

तिसरा प्रश्न : बोललेले त्या काळाशी जुळते का?

'हा देश जिंकता येणार नाही' हे वाक्य १८३५ साली कोणता इंग्रज अधिकारी बोलेल? पेशवाई १८१८ साली संपली होती. पंजाब आणि सिंध सोडले तर बहुतेक भारत कंपनीच्या प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष सत्तेखाली आला होता. मेकॉले आला तो जिंकलेल्या मुलखासाठी कायदे करायला.

'चोर दिसला नाही' याचेही तसेच. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली भारतीय दंडसंहितेचा मसुदा पूर्ण केला. पुढे १८६० साली तिचा कायदा झाला. चोरी, जबरी चोरी, दरोडा यांच्या व्याख्या करण्यात ज्याची वर्षे गेली, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. शिवाय तो मद्रासला उतरला, त्याच्या आदल्याच वर्षी त्याच इलाख्यातील गुंटूर भागात भीषण दुष्काळ पडला होता.

या अवतरणाची इंग्रजी भाषा विसाव्या शतकातली वाटते, असेही काही जण दाखवून देतात. हा मुद्दा सूचक आहे, पण एकट्याने निर्णायक नाही, कारण शैलीविषयीचे आपले कान चुकू शकतात. तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा त्याहून पक्का. पुराव्यांचे वजन सारखे नसते, हेही विद्यार्थ्यांना येथे दाखवता येते.

मग त्या तारखेला झाले काय?

तारीख मात्र खरी आहे, आणि म्हणूनच हे अवतरण खरे वाटते. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने कलकत्त्यात शिक्षणविषयक टिपण लिहिले. १८१३च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये राखून ठेवले होते. ते संस्कृत-अरबी विद्यांवर खर्च करावेत की इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य विद्यांवर, यावरून शिक्षण समितीत दोन तट पडले होते. मेकॉलेने इंग्रजीच्या बाजूने कौल दिला आणि ७ मार्च १८३५ रोजी बेंटिंकने त्याला अनुकूल ठराव केला.

या टिपणात भारताची स्तुती शोधूनही सापडत नाही. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, अशी कबुली देऊनही मेकॉले दोन्ही भाषांतील साऱ्या साहित्याला युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीपेक्षा कमी लेखतो. तीन वर्षांत अरबी-संस्कृत पुस्तकांच्या छपाईवर साठ हजार रुपये खर्च झाले आणि विक्रीतून हजार रुपयेही आले नाहीत, असा हिशेब तो मांडतो. राज्यकर्ते आणि कोट्यवधी प्रजा यांच्यामध्ये दुभाषाचे काम करणारा, रंगाने भारतीय पण आवडीनिवडीने आणि विचाराने इंग्रज असा वर्ग तयार करावा, असे तो सुचवतो. त्याच वर्गाने पुढे देशी भाषा समृद्ध करून ज्ञान खाली पोचवावे, अशी त्याची अपेक्षा आहे.

म्हणजे खरा मेकॉले आणि बनावट मेकॉले एकमेकांच्या उलट आहेत. बनावट मेकॉले भारताच्या थोरवीने दिपून जातो आणि कपटाने ती मोडू पाहतो. खऱ्या मेकॉलेला थोरवी दिसतच नाही. त्याचा दोष अज्ञानातून आलेल्या अहंकाराचा आहे. टीका करायची तर खरे टिपण पुरेसे आहे. खोट्या भाषणाने ती टीका धारदार होण्याऐवजी बोथट होते, कारण ते खोटे आहे असे कळताच ऐकणारा मूळ मुद्द्यावरही विश्वास ठेवत नाही.

खोटी अवतरणे जन्मतात कशी?

प्रत्येक खोट्या अवतरणामागे लबाडीच असते असे नाही. काही उदाहरणांवरून त्यांच्या जाती लक्षात येतात.

काही वेळा सारांशाचे अवतरण होते. मत पटत नसले तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी प्राण देण्याची भाषा व्हॉल्तेअरच्या नावावर जगभर चालते. प्रत्यक्षात ते वाक्य एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचे. एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने तिने १९०६ साली व्हॉल्तेअरच्या मित्रमंडळींवर पुस्तक लिहिले. एल्व्हेस्युस याच्या ग्रंथावर झालेल्या कारवाईबाबत व्हॉल्तेअरची वृत्ती सांगताना तिने ते वापरले. शब्द आपले आहेत, असे तिने पुढे स्पष्टही केले. पण तोवर वाक्य हातातून निसटले होते.

काही वेळा निनावी गोष्टीला नाव मिळते. पाव मिळत नसेल तर केक खा, असे मारी आंत्वानेत म्हणाली, हे क्रांतीच्या धड्यात आपण वाचतो. ही गोष्ट रूसोच्या आत्मचरित्रात आहे, पण तिथे फक्त 'एका थोर राजकन्येचा' उल्लेख आहे. रूसोने तो भाग सुमारे १७६५ ते १७६७ या काळात लिहिला. मारी आंत्वानेतचा जन्म १७५५चा. ती तेव्हा व्हिएन्नात होती आणि फ्रान्समध्ये आली १७७० साली.

काही वेळा चांगल्या कामासाठी मोठे नाव उसने घेतले जाते. मधमाश्या नाहीशा झाल्या तर माणूस चार वर्षेच जगेल, हे आइन्स्टाइनच्या नावावरचे भाकीत १९९४ साली ब्रुसेल्समध्ये मधपाळांच्या निदर्शनांत पत्रकांवर छापले गेले. त्याआधीच्या त्याच्या नोंदी १९६०च्या दशकाच्या मध्यावर मधपाळांच्या नियतकालिकांत मिळतात. आइन्स्टाइन १९५५ सालीच वारला होता. शिवाय गहू आणि भात मुख्यतः स्वपरागित आहेत, मक्याचे परागण वारा करतो. मधमाश्या वाचवायलाच हव्यात. फळे, तेलबिया, भाज्या यांच्यासाठी त्या किती महत्त्वाच्या आहेत, हे खऱ्या माहितीवरून सांगता येते.

आणि काही वेळा विरोधकाच्या तोंडी कबुलीजबाब घातला जातो. मेकॉलेचे भाषण या जातीचे आहे. ही जात सर्वांत प्रभावी, कारण शत्रूनेच मान्य केले म्हटल्यावर वाद संपतो!

'आशय तर खरा आहे ना?'

शब्द मेकॉलेचे नसतील, पण परिणाम तर तोच झाला ना, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद नीट पाहायला हवा. परिणाम काय झाला, हे परिणामांच्या पुराव्यावरून ठरते, आणि असा पुरावा भरपूर आहे.

इंग्रजांपूर्वी शाळा होत्या का? मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ साली पाहणी सुरू केली. सव्वा कोटींवर लोकसंख्येत सुमारे साडेबारा हजार शाळा आढळल्या, म्हणजे हजार लोकांमागे साधारण एक. ही कागदपत्रे धरमपाल यांनी १९८३ साली पुस्तकरूपाने पुढे आणली. देशी शिक्षणाचा हा खरा अभिमानास्पद पुरावा आहे. पण त्याच आकड्यांत मुली अगदी थोड्या दिसतात, हेही सांगावे लागते. खरा पुरावा आपल्याला हवे तेवढेच बोलत नाही.

मुंबई इलाख्यात तर वादाचा रंगच निराळा होता. येथे १८४०च्या दशकात शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते. जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस देशी भाषांची बाजू मांडत होते. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी खरी दुखरी जागा दाखवली : कर भरतो शेतकरी, आणि पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते. ज्ञान वरून खाली झिरपेल या कल्पनेवरची ही टीका आजही विचार करायला लावते. बनावट भाषणातल्या भिकारी नसलेल्या, सुखी भारतात मात्र फुल्यांच्या प्रश्नाला जागाच उरत नाही. एक खोटे अवतरण असे अनेक खरे आवाज बुजवून टाकते.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या मुलांना एखादे प्रसिद्ध अवतरण द्यावे आणि चार प्रश्न विचारावेत. हे वाक्य कधी आणि कुठे उच्चारले गेले असे सांगतात? ती व्यक्ती तेव्हा तिथे होती का? सर्वांत जुनी छापील नोंद कोणत्या वर्षाची, आणि ती त्या व्यक्तीच्या हयातीतली आहे का? त्या काळाची परिस्थिती या वाक्याशी जुळते का? शाळेच्या ग्रंथालयातील कोश, चरित्रे आणि सनावळ्या एवढ्यावर बरेच काम होते. सगळी उत्तरे मिळतीलच असे नाही. न मिळाल्यास 'मूळ सापडले नाही' असे लिहिण्याची सवय लावावी.

एक पथ्य मात्र पाळावे. केवळ आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाची अवतरणे तपासायला देऊ नयेत. आपल्याला पटणारे वाक्य तपासताना हात जड होतो, आणि खरा सराव तिथेच होतो. फळ्यावरच्या सुविचारापासून सुरुवात करता येईल. नावाखाली ग्रंथ आणि साल लिहायचे, आणि ते माहीत नसेल तर नाव न लिहिता नुसते वाक्य लिहायचे. वाक्य चांगले असेल तर ते नावाशिवायही उभे राहील.