सिगारेटला मात्र माफी : व्यसनमुक्ती केंद्रांच्या इतिहासातलं एक सुटलेलं पान

आजचा भाग थोडा वेगळा आहे. व्यसनमुक्तीचा इतिहास म्हटलं की आपण दारू, गर्द, अफू यांच्याबद्दल बोलतो. मला आज बोलायचंय ते अशा व्यसनाबद्दल, जे व्यसनमुक्ती केंद्राच्या आतच राजरोस बसून होतं आणि ज्याला कोणी उठ म्हणालं नाही. ते म्हणजे तंबाखू.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल, कारण आज जगभर चालणाऱ्या उपचारांची बरीचशी घडण तिथली आहे. १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक शेअरबाजारातला बिल विल्सन, दुसरा सर्जन बॉब स्मिथ. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणाने बोललं की दोघांचीही दारू लांब राहते, हे त्यांना उमगलं आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे एए, उभी राहिली. लाखो घरं या चळवळीने सावरली, यात शंका नाही. पण त्या काळच्या बैठकीचं चित्र डोळ्यासमोर आणा. कॉफीची किटली आणि खोलीभर सिगारेटचा धूर. दारू सुटली होती, हाताला काहीतरी हवं होतं.

१९३९ साली एएचं मूळ पुस्तक निघालं. त्यात कुटुंबीयांसाठी एक प्रकरण आहे आणि त्यात एक किस्सा येतो. दारू सोडलेला एक गृहस्थ सिगारेट आणि कॉफी जरा जास्तच घेतो. बायको मागे लागते. तो चिडतो आणि पुन्हा दारू पितो. लेखक त्याला चूक ठरवतात, पण बायकोलाही समजावतात, की मोठा आजार बरा होत असताना या बारीक गोष्टीवरून भांडण नको. आता बघा, १९३९ मध्ये हा सल्ला व्यवहाराचाच होता. सिगारेटने कॅन्सर होतो हे तेव्हा सर्वमान्य व्हायचं होतं. पण हाच सल्ला पुढे अलिखित नियम झाला. ‘एका वेळी एकच व्यसन सोडा.’ आपल्याकडे अगदी याच शब्दांत सांगतात, नाही का? ‘अहो, दारू सुटलीये ना, मग तंबाखू खाऊ द्या की त्यांना.’

बिल विल्सनने १९३४च्या डिसेंबरात शेवटची दारू घेतली. त्यानंतर छत्तीस वर्षं तो दारूपासून दूर राहिला. २४ जानेवारी १९७१ रोजी तो गेला, फुप्फुसांच्या आजाराने. एम्फिसीमा. दम लागत असतानाही सिगारेट त्याच्याकडून लवकर सुटली नव्हती. यात मला त्याची हेटाळणी करायची नाही. ज्या माणसाने दारूला हरवलं त्यालाही तंबाखू हरवता आली नाही, यावरून तिची ताकद कळते.

मग डॉक्टर काय करत होते? १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल आला. धूम्रपानाने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे त्यात ठामपणे म्हटलं होतं. पण त्याच अहवालाने तंबाखूला ‘व्यसन’ म्हणायचं टाळलं, ‘सवय’ म्हटलं. मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत तंबाखूचं अवलंबित्व यायला १९८० उजाडलं. आणि निकोटिन हे हेरॉइन-कोकेनसारखंच व्यसन लावतं, हे सरकारी अहवालात छापून यायला १९८८. तोवर उपचार केंद्रांची पद्धत ठरून गेली होती. समुपदेशकांपैकी बरेच जण स्वतः दारूतून बाहेर आलेले, आणि सिगारेट ओढणारे. रुग्णाशी जवळीक साधायची तर सोबत सिगारेट ओढत गप्पा, हीच रीत. ज्याची स्वतःची सुटली नाही, तो दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

या सगळ्याचा हिशेब १९९६ साली समोर आला. मेयो क्लिनिकचे डॉ. रिचर्ड हर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा पण धाडसी प्रश्न विचारला : आपल्याकडून उपचार घेऊन गेलेली माणसं पुढे कशाने मेली? १९७२ ते १९८३ या काळात दारू आणि इतर व्यसनांसाठी भरती झालेले ८४५ जण त्यांनी घेतले. त्यातले २२२ जण वारले होते आणि २१४ जणांचे मृत्यूचे दाखले मिळाले. दारूशी संबंधित मृत्यू सुमारे ३४ टक्के. आणि तंबाखूशी संबंधित? जवळजवळ ५१ टक्के.

हा आकडा जरा मनात मुरू द्या. ही माणसं दारूसाठी दवाखान्यात आली होती. घरच्यांनी पैसे जमवले असतील, देवाला नवस बोलले असतील. आणि निम्म्याहून जास्त गेली ती त्या गोष्टीने, जिच्याबद्दल उपचारात कोणी चकार शब्द काढला नव्हता.

आता साहजिक प्रश्न येतो. दोन्ही एकदम सोडायला लावलं तर माणूस पळून जाईल, पुन्हा दारू पिईल, त्याचं काय? ही भीती खोटी नाही, आणि पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. २००४ साली ज्युडिथ प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी १९ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. व्यसनाच्या उपचारातच तंबाखू सोडायला मदत मिळालेल्यांची दारू-ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त दिसली. पण त्याच वर्षी मिनेसोटातला ४९९ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना लगेच मदत दिली, अर्ध्यांना सहा महिन्यांनी. सिगारेट सुटण्यात दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, पण लगेच सुरू केलेल्यांची दारूपासून दूर राहण्याची कामगिरी थोडी कमी निघाली. दुसरीकडे, ‘नंतर या’ म्हटलेल्यांपैकी मदत घ्यायला आलेले लोकही कमी होते. म्हणजे थांबण्याचीही किंमत आहे. माझं मत विचाराल तर वेळ रुग्णाशी बोलून ठरवावी, पण विषय पहिल्याच दिवशी काढावा. गप्प बसणं हा उपचार नव्हे.

काही सरकारांनी नियमच केले. न्यू जर्सीने निवासी केंद्रांसाठी आधी पाऊल उचललं. मग २४ जुलै २००८ पासून न्यूयॉर्क राज्याने सगळ्या मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रांचं आवार तंबाखूमुक्त केलं. रुग्ण, कर्मचारी, भेटायला येणारे, सगळ्यांना नियम एकच. शिवाय नुसती बंदी घालून भागणार नाही, तंबाखूवर उपचारही द्यायचे, असं त्यात होतं. पुढे काही केंद्रांत पाहणी झाली तेव्हा कर्मचाऱ्यांमधलं धूम्रपान सुमारे ३५ टक्क्यांवरून २२वर आलेलं दिसलं. रुग्णांमध्ये मात्र ६९वरून ६३, एवढंच. पाटी लावून मालकाची शिस्त सुधारते, रुग्णाची तलफ जात नाही. तिला गम लागतो, पॅच लागतो, औषध लागतं आणि बाजूला बसून ऐकणारं माणूस लागतं.

एक छोटी पण कामाची गोष्ट सांगतो. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने शरीराबाहेर टाकतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच कॉफीचा अंमल जास्त वेळ टिकतो. माणूस अस्वस्थ होतो, झोप उडते, आणि सगळे म्हणतात, ‘बघा, सिगारेट सोडली म्हणून वेडापिसा झालाय.’ कधीकधी दोन कप कमी केले तरी फरक पडतो.

आता आपल्याकडे येऊ. १९८६ साली गर्दची लाट आली असताना डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम तिथून घरोघरी पोचलं. पण अमेरिकेचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपली तंबाखू गालात असते. मावा, खर्रा, मिश्री, चुना लावून मळलेली चिमूट. ‘धूम्रपान निषिद्ध’ ही पाटी तिला काय करणार? दारू आणि तंबाखू एकत्र आल्या की तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. म्हणजे दारूच्या रुग्णाची तंबाखू हा आपल्यासाठी दुय्यम प्रश्न नाहीच.

म्हणून मला गडचिरोलीचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकाराने २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ चालू आहे. त्याचं उद्दिष्टच मुळात दारू आणि तंबाखू, दोन्ही. खर्ऱ्याच्या मुलखात ही जोडी फोडून चाललंच नसतं.

तुमच्या घरचं कोणी केंद्रात दाखल होणार असेल, तर दारूबद्दल विचारता तसं तीन प्रश्न आणखी विचारा. तंबाखूची नोंद पहिल्या दिवशी घेता का? सोडायची असेल तर गम किंवा औषध देता का? आणि तुमच्या कर्मचाऱ्यांना सोडायला तुम्ही मदत करता का? उत्तर ‘आधी दारू तर सुटू दे’ असं आलं, तर भांडू नका. तारीख मागा. ‘नंतर’ म्हणजे नक्की कधी, ते कागदावर लिहून घ्या.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या भागातल्या केंद्रात काय पद्धत आहे ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.