मूतखड्याची दुर्बीण शस्त्रक्रिया आणि रक्तात शिरणारे पाणी

सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. पारा चाळीस अंशांच्या वर गेला की घामावाटे शरीरातील पाणी घटते, लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षारांचे स्फटिक जमून मूतखडा तयार होण्यास वाव मिळतो. मूत्रपिंडातील मोठ्या खड्यांसाठी आज प्रामुख्याने ‘पीसीएनएल’ ही दुर्बीण शस्त्रक्रिया केली जाते. स्वीडनमध्ये १९७६ साली या पद्धतीचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला.

या शस्त्रक्रियेत पाठीकडून लहान छिद्र पाडून दुर्बीण मूत्रपिंडात नेतात व खडा फोडून तुकडे बाहेर काढतात. रक्त व चुरा धुऊन निघावा आणि डॉक्टरांना स्वच्छ दिसावे, यासाठी आत द्रव सतत सोडावा लागतो. कित्येकदा तो दहा-वीस लिटरपर्यंत लागतो. त्यातील बहुतांश द्रव बाहेर येतो. परंतु काही भाग उघड्या पडलेल्या शिरांतून थेट रक्तात शिरतो, तर मूत्रपिंडाला भोक पडल्यास तो भोवतालच्या पोकळीत साठून हळूहळू शोषला जातो.

परिणाम कोणते?

परिणाम द्रवाच्या प्रकारावर अवलंबून असतात. साधे शुद्ध पाणी रक्तात गेल्यास तांबड्या पेशी फुटतात. ग्लायसिनच्या द्रावणात सोडियम नसल्याने रक्तातील सोडियम घटते. त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते १२० च्या आसपास आल्यास मळमळ, गोंधळलेली अवस्था, झटके, बेशुद्धी अशी लक्षणे उद्भवू शकतात. म्हणूनच पीसीएनएलसाठी ०.९ टक्के सलाईन वापरणे श्रेयस्कर मानले जाते. मात्र सलाईनही सर्वस्वी निर्धोक नाही. ते अधिक प्रमाणात शोषले गेल्यास हृदयावर ताण येतो व फुप्फुसांत पाणी साचू शकते. द्रव थंड असेल तर शरीराचे तापमान उतरून रुग्णाला हुडहुडी भरते. खडा जंतुसंसर्गाचा असल्यास द्रवाबरोबर जंतू व त्यांचे विष रक्तात पोहोचते आणि जीव धोक्यात येऊ शकतो.

दक्षता कोणती?

द्रवाचा दाब, शस्त्रक्रियेचा कालावधी, रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला पडलेले भोक यांवर शोषणाचे प्रमाण ठरते. त्यामुळे सलाईनची बाटली फार उंच टांगू नये, द्रव कोमट असावा, आत गेलेल्या व बाहेर आलेल्या द्रवाचा हिशेब ठेवावा, असे संकेत आहेत. पाठीच्या मणक्यातून भूल दिलेला रुग्ण जागा असल्याने त्याची अस्वस्थता किंवा धाप लवकर ध्यानात येते; पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाबाबत भूलतज्ज्ञाला नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण व पोटाची फुगवट यांवरच लक्ष ठेवावे लागते. शंका येताच शस्त्रक्रिया थांबवून उरलेला खडा पुढील टप्प्यात काढणे हिताचे ठरते. तो अपयशाचा नव्हे, सावधगिरीचा भाग होय.

लहान मुले, वृद्ध, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण यांना थोडे शोषणही बाधू शकते. अशा रुग्णांनी आपले आजार व चालू औषधे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावीत आणि लघवीची जंतूतपासणी टाळू नये. शस्त्रक्रियेनंतर थंडी-ताप, धाप वा गुंगी जाणवल्यास नातेवाइकांनी तत्काळ परिचारिकेला कळवावे.